वर्षाला सहा मिनिटं

दुपारभर कुडचड्यात मी उजेड मोजत होते.
रिकामं थिएटर, पुढच्या रांगेत झोपलेलं मांजर,
तिपाईवर मीटर, पडद्यावर निव्वळ पांढरा.
पांढरा येईना. तांबूस येत होता.
दिवा बदलून पाहिला, लेन्स पुसली, पुन्हा तांबूस.
उमाकांत वेळीप, ऑपरेटर, दारातूनच म्हणाला,
"बाय, तो दिव्याचो दोस न्हय. खाणीचो धुल्ल तो."
वीस वर्षं ट्रक जात होते या रस्त्यावरून,
ड्रायव्हर तसेच यायचे शेवटच्या खेळाला,
अंगावरचं झटकून, किंवा न झटकता.
ट्रक थांबले. पडद्यानं मात्र ठेवून घेतलं.

रिपोर्टात लिहिलं: पडदा बदलावा.
असली वाक्यं मी बऱ्याच शहरांत लिहिली आहेत,
सिंगापुरात, चेन्नईत,
बर्बँकच्या एका बिनखिडकीच्या खोलीत
जिथं आम्ही आठ जण तीन दिवस भांडलो
काळा किती काळा असावा यावरून.
माझा काळा जिंकला. जेवायला कुणी थांबलं नाही.

कार्डावर 'सल्लागार' आहे.
म्हणजे येते, मोजते, सांगते, विमान पकडते.
सांगितलेल्याचं पुढं काय झालं
ते थकलेल्या बिलावरून कळतं.

मालकीण आंतोनेता फुर्तादो खिडकीत तिकिटं फाडत होती.
आकडा ऐकून तिनं एवढंच केलं,
काजूबियांची पुडी माझ्यापुढं सरकवली.
"खा. तुला लांब जायचंय."

रात्री साडेनऊचा खेळ. एकशे बारा माणसं.
साडेनऊला चावी उघडणार.

चावी म्हणजे चावी नव्हे.
मेलनं आलेली एक फाइल,
याच सर्व्हरसाठी, याच सिनेमासाठी,
ठरल्या मिनिटाला जागी होते, पुढच्या गुरुवारी मरते.
तोवर सिनेमा पेटीत असतो, अख्खा,
आणि कुणाचाच नसतो.

साडेनऊ वाजले. सर्व्हर म्हणाला, अजून नाही.
त्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागं.
उमाकांतनं माझ्याकडं पाहिलं, डॉक्टरकडं पाहतात तसं.

नियम मला पाठ होता.
हे घड्याळ हातानं सारता येतं
वर्षाला फक्त सहा मिनिटं.
जास्त मुभा दिली तर लोक
मेलेली चावी जिवंत करतील.
सहा सारली. पाच उरली.

त्या पाच मिनिटांत माझा काही उपयोग नव्हता.

खालून शिट्ट्या आल्या. कुणीतरी आंतोनेताच्या नावानं ओरडलं.
उमाकांतनं मला न विचारता नुसता पांढरा सोडला पडद्यावर,
दुपारचाच, तांबूस.
आणि तिसऱ्या रांगेतला एक पोरगा उठून उजेडात गेला.
त्याच्या हातांचा ससा झाला. मग कुत्रा.
मग चार पोरं, मग एक लुंगीवाला म्हातारा,
त्यानं दोन्ही हातांनी डंपर ओतून दाखवला
आणि थिएटर खदखदून हसलं,
कारण तो ओतणं कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

मी वर बूथमध्ये हिशेब करत होते.
एकवीस वर्षं या धंद्यात. वर्षाला सहा.
दोन तास सहा मिनिटं मिळाली असती मला, सारायला.
त्यातली चार बाबांच्या फोनला,
"मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" म्हणून कापलेल्या.
पुढचा आकडा लावेपर्यंत
उमाकांत म्हणाला, "उगडली."

पोरं वाकून, डोकी सांभाळत जागेवर पळाली.
म्हाताऱ्याला वेळ लागला.
सिनेमाची पहिली काही चित्रं त्याच्या पाठीवर पडली.

सोमवारी रिपोर्ट पाठवला.
पडद्याचं वाक्य तसंच आहे, मोजमाप तेच सांगतं.
खाली एक सूचना वाढवली, जाड अक्षरात:
यंदाची सहा मिनिटं वापरून झाली आहेत.
डिसेंबर संपेपर्यंत घड्याळाला कुणी हात लावू नये.